अंगठ्याची खूण

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस डहाणू-तलासरीत शोधून सापडणार नाही, आणि चांगली सरकारी नोकरी सोडण्याची हिंमत केलेला आमच्या नात्यात तेवढा एकटाच. लोक म्हणतात, धंद्यात पडायला धाडस लागतं. साडू पडले ते भीतीने. तालुक्याच्या कचेरीत बावीस वर्षं कारकून होते. दर मे महिन्यात बदलीच्या धास्तीने ट्रंक भरून ठेवायचे आणि जून सरला की रिकामी करायचे. बदली एकदाही झाली नाही. शेवटी वाट बघून बघून इतके थकले की राजीनामाच देऊन टाकला. "आता कोण माझी बदली करतो ते बघू," असं मला म्हणाले आणि त्याच दमात विचारलं, "साडूभाऊ, राजीनामा परत घेता येतो का हो?" मी पेन्शनवर डोळा ठेवून बसलेला मास्तर. मी त्यांना सरळ वेड्यात काढलं.

तलासरीकडे त्यांची वडिलांपासूनची चिकूची वाडी. चिकू उतरवायचे, धुवायचे, पेटीत भरून वापीच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचे. यात भिण्यासारखं काय आहे? साडूंनी ते शोधून काढलं. चिकू वाटेतच पिकला तर? आणि पिकलाच नाही तर? म्हणून पहिल्या खेपेला पेटी बंद करण्याआधी त्यांनी एकेक चिकू अंगठ्याने दाबून पाहिला. खात्री पटेना म्हणून पुन्हा दाबला. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला की प्रत्येक चिकूवर एकाच मापाचा काळा डाग आहे. नवा रोग आला म्हणून साडू व्यापाऱ्याकडचा एक डागी चिकू घेऊन शेतकी अधिकाऱ्याकडे धावले. त्याने चिकू पाहिला, मग साडूंचा अंगठा पाहिला, आणि चिकू परत त्यांच्या हातात ठेवला.

सगळा माल परत आला. आठवडाभर त्यांच्या घरी चिकूशिवाय काही शिजलं नाही. व्यापारी भला, आणखी एक संधी देतो म्हणाला. पण माझी मोठी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको ताई, हिने निक्षून सांगितलं की या खेपेला माल परत आला तर वाडी दुसऱ्याला कसायला द्यायची आणि यांनी कुठेतरी वॉचमन म्हणून उभं राहायचं. साडू माझ्याकडे येऊन आपल्या अंगठ्याकडे बघत बसले. चहा गार झाला. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हे खचून जातील अशी भीतीही वाटली.

दुसऱ्या खेपेला ताईने त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधल्या. मग हातातली काळजी कागदावर उतरली. प्रत्येक पेटीत त्यांनी आपल्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी घातली: "मंगळवारी कडक लागतील, घाबरू नये. गुरुवारी खावेत. न पिकल्यास कळवावे." खाली स्वतःचा फोन नंबर. एक पेटी मलाही आली. मंगळवारी साडूंचा तीनदा फोन, बुधवारी पाच वेळा, "चिकू कसे आहेत?" माझी बायको म्हणाली, ताईच्या बाळंतपणातही यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

गुरुवारी फोन आला नाही. सकाळ गेली, दुपार झाली. माल परत आला असणार, साडूंनी हाय खाल्ली असणार. शेवटी मीच फोन लावला. उचलला ताईने. म्हणाली, व्यापाऱ्याचा निरोप आला, माल हातोहात गेला. गिऱ्हाइकं चिठ्ठीवाली पेटी मागतायत, दर आठवड्याला पाठवा म्हणाला.

"आणि साडू?"

"झोपलेत. हे ऐकलं आणि आडवे झाले. राजीनामा दिल्यापासून दुपारचे पहिल्यांदाच झोपलेत. उठवू?"

नको म्हटलं. मग चिठ्ठीबरहुकूम पेटी उघडली. सगळे चिकू नितळ, एकालाही डाग नाही. फक्त तळाच्या एका चिकूवर अंगठ्याची खूण होती. माझी पेटी घरची, तिच्यात त्यांनी चिंधी सोडून एकदा खात्री करून घेतली असावी. मी तोच आधी खाल्ला. नंतर रात्रीपर्यंत त्यांच्या फोनची वाट पाहिली.