डासवाल्या बाई

बाईंच्या देखत डास मारायची सोय नव्हती. वर्गात, पंगतीत, अगदी कुलगुरूंच्या बैठकीतसुद्धा कुणी डासावर हात उगारला, की बाईंचा आवाज घुमायचा, "थांबा! मारू नका! आधी कोण हाय ते तर बघू द्या!" आणि पर्समधून काचेची छोटी बाटली निघायची. एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडत असताना त्यांनी पुढच्या पावण्यांच्या फेट्यावर बसलेला डास बाटलीत घेतला. पावण्यांना वाटलं, बाई आशीर्वाद देताहेत. त्यांनी मान आणखी खाली केली.

सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरला विद्यापीठात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते, तेव्हा बाई आम्हाला शिकवायच्या. त्यांचं खरं नाव कागदोपत्रीच. साऱ्या विद्यापीठात त्या डासवाल्या बाई. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. उंच, सडपातळ बांधा, कडक इस्त्रीचं सुती पातळ आणि पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. वर्गात त्यांचं इंग्रजी नुसतं ऐकत राहावं असं. वर्गाबाहेर पाऊल पडलं की अस्सल कोल्हापुरी! आमच्याकडच्या कितीतरी बायकांसारख्या त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या.

हिवताप कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते, आणि तो गावोगाव पुन्हा उठला होता. बाई म्हणायच्या, "पुस्तकातला डास मेलेला असतोय. जिता डास गोठ्यात गावतोय." म्हणून पहाटे आमची प्रयोगशाळा कसबा बावड्याच्या गोठ्यांत भरायची. काचेच्या नळीला रबरी नळी जोडलेली, मध्ये बारीक जाळी. काचेचं तोंड डासावर धरायचं आणि रबरी नळी तोंडात धरून हलकेच श्वास ओढायचा, की डास अलगद आत. हिवतापाचा डास भिंतीवर बुड वर करून बसतो, हे मी फळ्यावरच्या आकृतीत नाही, म्हशीच्या शेपटीचे फटकारे खात शिकले. गोठ्यांचे मालक आम्हाला हसायचे. "बाई, डास न्यायला आलायसा व्हय? आमच्यात पोत्यानं हायती की!" बाई त्यांच्याहून मोठ्यानं हसायच्या. "म्हस नगं, डास तेवढं द्या!"

एकदा मलकापूरकडच्या एका खेड्यात गेलो होतो. तिथं डीडीटी फवारूनही हिवताप हटत नव्हता. फवारणीवाले म्हणत, लोक अडाणी, फवारलेल्या भिंती लगेच शेणानं सारवून टाकतात. बाई एका घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. आत एक मावशी भिंत सारवतच होत्या.

"मावशी, औषध मारल्याली भिंत का वं सारवताय?"

"मग काय करू?" मावशी उसळल्या. "सण तोंडावर आलाय, माहेरवाशिणी येणार, आन् तुमची माणसं भित्ताडावर पांढरं वघळ सोडून गेली. तुमच्या घरात चालंल का?"

बाई खळखळून हसल्या. "न्हाय चालायचं. मग सण झाल्यावर फवारलं तर?"

"तर मारा की! कोण नगं म्हंतंय?"

परतताना बाई जीपमध्ये आम्हाला म्हणाल्या, "डासाचं इतकं बघतो आपण, माणसाचं कोण बघणार? हा बी शोधच हाय. लिहून काढा." मग त्या स्वतः फवारणीच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि त्या पट्ट्यातल्या फवारण्या सणानंतर करून घेतल्या. भिंतींवरचं औषध टिकलं, आणि त्या गावातली थंडी वाजून पडणारी माणसं कमी झाली.

पुढं एक परदेशी शास्त्रज्ञ आमच्या विभागात आले. त्यांच्या संस्थेचं हिवतापाच्या कामाचं शिक्षण पूर्व आफ्रिकेत चालायचं. देशोदेशीचे विद्यार्थी येत, आणि आपल्याकडून एकाला जागा होती. पाहुण्यांपुढं स्वतः बोलायचं बाईंनी साफ नाकारलं. "काम पोरांनी केलंय, बोलतील पोरं." माझी पाळी आली. मोडक्या इंग्रजीत मी मावशींच्या भिंतीची गोष्ट सांगितली. पाहुणे आधी हसले, मग खुर्ची पुढं ओढून एकामागून एक प्रश्न विचारत राहिले. काही आठवड्यांनी बाई कॅनव्हासच्या बुटांनी धपधप करत विभागाच्या व्हरांड्यातून मला हाका मारत पळत आल्या. "माले! आफ्रिका!"

पण आफ्रिकेच्या वाटेत पेठ वडगाव होतं. तिथं माझे वडील, आमचे आबा, शिंपीकाम करायचे. मला एम.एस्सी.ला पाठवलं म्हणूनच त्यांना चार माणसांचं ऐकून घ्यावं लागलं होतं. आफ्रिकेचं नाव काढताच त्यांनी मशीन थांबवलं. "लग्नाची पोर एकटी तिकडं? न्हाय जमायचं." मी दोन दिवस जेवले नाही.

हे कळताच रविवारी बाई एस.टी.नं आमच्या घरी आल्या. आईच्या हातची भाकरी आणि झुणका मनापासून जेवल्या. आबा मनातल्या मनात उत्तरं जुळवत असावेत, पण बाईंनी आफ्रिकेचं नावच काढलं नाही. हात धुतल्यावर म्हणाल्या, "आबा, मला बी पोरवयात कलकत्त्याला शिकायला जायची संधी आलती. वडील न्हाय म्हणाले. मायेपोटीच म्हणाले, राग न्हाय माझा. पर शिकवणारं कोण नव्हतं, एकटीच चुकत चुकत शिकलो. जे वर्षात आलं असतं त्याला निम्मं आयुष्य गेलं." बाईंचा आवाज एवढा हळू मी कधीच ऐकला नव्हता. मग लगेच त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही व्हय म्हणा, न्हाय म्हणा. पर एक सकाळ आमच्याबरोबर चला. पोरगी काय करती ते बघा, मग काय ते ठरवा."

आबा आले. पहाटे गोठ्यात बॅटरी धरून माझ्यामागं उभे राहिले. बाईंनी त्यांच्याही हातात नळी दिली. आबांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवलेला, हात स्थिर. पण श्वास असा जोरात ओढला की जाळीच निसटली आणि डास थेट घशात! आबा खोकताहेत, बाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारताहेत, म्हैस बिथरलीय, आणि मी हसून हसून भिंतीला टेकलेली. तेवढ्यात मालकीणबाई तापलेलं पोर कडेवर घेऊन बाहेर आल्या आणि बाईंना ओलांडून माझ्याकडेच आल्या. "ताई, ह्येला कालपास्नं थंडी वाजतीया. काय करू?" मी पोराचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, दवाखान्यात कुणाला भेटायचं, गोळ्या कशा द्यायच्या ते समजावून सांगितलं. त्या मान डोलवत ऐकत होत्या. आबा माझ्याकडे बघत होते.

वडगावला परतल्यावर घरात शिरताना त्यांनी विचारलं, "तिकडं बी डास लईच असतील, न्हवं?"

"व्हय, आबा."

"मग लांब बाह्यांची झंपरं लागतील." आणि ते टेप घेऊन माझ्या दंडाचं माप घ्यायला लागले. आई तिथंच पदर डोळ्यांना लावून हसत उभी होती.

आफ्रिकेतलं वर्ष कसं गेलं ते कळलंही नाही. तिथल्या बायकांना मातीच्या भिंती कशा सारवायच्या हे माहीत होतं, आणि मला त्यांच्याजवळ कसं बसायचं हे. आमच्या तुकडीतल्या इतरांना जे नवल वाटायचं, ते मला मलकापूरकडचं वाटायचं.

परत आले तेव्हा कोल्हापूर स्टेशनवर आई, आबा आणि त्यांच्यामागं बाई उभ्या. प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, काही नाही. म्हणाल्या, "सोमवारचा माझा तास तू घेणार हाईस."

सोमवारी मी फळ्यासमोर उभी राहिले. नवी मुलं, नवे चेहरे. आणि शेवटच्या बाकावर, दोन मुलांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या बाई. तासभर त्या भराभर लिहून घेत होत्या. मी तिथल्या डासांबद्दल, त्यांच्यावर न चालणाऱ्या औषधांबद्दल बोलत होते. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, म्हटलं, तर पहिला हात बाईंचाच वर!

"बाई," त्या उभ्या राहून मला म्हणाल्या. वर्ग हसला, पण त्या हसल्या नाहीत. "औषधाला न जुमानणारा डास तिकडं झाला, तो आपल्याकडं कशानं होईल आणि आपल्याला आधी कळेल कसं?"

मी खरं ते सांगून टाकलं, "मला माहीत नाही."

बाईंचा सगळा चेहरा उजळला. वही मिटत त्या म्हणाल्या, "मला बी न्हाय. मग चला की शोधूया!"