एका दाताचे तीन भाव

माझा दात केळं खाताना पडला. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतात. भाकरीत खडा लागला किंवा जिन्यावरून पाय घसरला असं काही सांगितलं असतं तर निदान दोन शब्द हळहळीचे मिळाले असते. पण आता या वयात खोटं कशाला बोलायचं? संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची पूजा आटोपून मी अर्धापूरचं केळं सोललं, पहिला घास घेतला आणि वरचा, अगदी समोरचा दात केळ्यात रुतून बसला. दुखलं नाही, रक्तही थेंबभरच. मी केळं हातात धरून त्या दाताकडे बघत राहिले. समोर आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं, केळ्याकडे पाहिलं, पेपर परत वर धरला आणि पेपरामागूनच म्हणाले, "केळं जिंकलं म्हणायचं."

केळ्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्या दाताला मी पन्नास वर्षांपूर्वीच मारून ठेवलं होतं. मी म्हणजे ती, विशीतली, जिला आपल्या दातांचा भलताच गर्व होता. सुपारी दातानं फोडायची, उसाची साल दातानं सोलायची, पोत्याच्या सुतळीची गाठ दातानं सोडायची. एकदा तर नणंदांशी पैज लावून तिनं सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण दातानं उघडलं. झाकण उडालं, सगळ्या हसल्या, आणि ही सगळ्यांत जास्त हसली. दाताचा टवका उडालाय हे हिला दुसऱ्या दिवशी वेणी घालताना आरशात दिसलं. तेव्हाही काही शहाणपण आलं नाही. उरलेल्या दातानं सुपारी फोडणं चालूच. ती पोरगी आज समोर आली तर मी तिचा कान पिळीन. ती मात्र माझ्या तोंडातली खिडकी बघून आधी खदाखदा हसेल, तेवढी ती द्वाड होतीच.

तर नांदेडातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगा, बोलायला गोड. दाताचं मूळ आतच राहिलं होतं, ते त्यानं काढलं आणि हिरडी भरली की नवा दात बसवता येईल म्हणाला. टेबलावर त्याच्याकडे प्लास्टिकचे जबडे मांडून ठेवलेले होते, भांड्यांच्या दुकानात वाट्या मांडाव्यात तसे. त्यातून त्यानं मला तीन प्रकार दाखवले. पहिला, काढता-घालता दात. टाळूला चिकटणारी एक गुलाबी पट्टी आणि तिला एक दात. दुसरा ब्रिज, म्हणजे तीन दातांची जोडलेली टोपी; मधला दात खोटा आणि बाजूच्या दोन टोप्या शेजारच्या दातांवर चढवायच्या. तिसरा, जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. भाव त्यानं कागदावर लिहून दिले, पण मला आकड्यांपेक्षा वस्तूंत चटकन कळतं. पहिला दात म्हणजे एक बरी साडी. दुसरा म्हणजे फ्रीज. तिसरा म्हणजे अर्ध्या तोळ्याला थोडं कमी.

चौथा प्रकार त्यानं सांगितला नाही, पण मला माहीत होता. काहीच करायचं नाही, तो फुकट. माझ्या आजीनं तोच केला होता आणि ती नव्वदीपर्यंत भाकरी दुधात कुस्करून खात होती.

मला तो चालला नसता, कारण वैशाखात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. लातूरच्या लेकीनं फोनवर सगळं ठरवूनच टाकलं होतं. तिथंच हॉल, दोन्हीकडची माणसं, परत हार, परत मंगलाष्टकं, आणि विडाही तोडायचा. आमच्याकडे लग्न लागलं की नवरा दातात पानाचा विडा धरतो. विड्यात खोबऱ्याचा लांब काप खोचलेला असतो आणि बायकोनं हात न लावता तो दातानं तोडायचा असतो. भोवती सगळा गोतावळा ओरडत असतो. ज्याच्या वाट्याला मोठा तुकडा, घरात त्याचं राज्य.

पन्नास वर्षांपूर्वी हे माझ्या आत्यांनी मला सांगितलं आणि मी ते शब्दशः धरलं. लग्नाच्या आधी परसात धाकट्या बहिणीच्या तोंडात खोबऱ्याचे काप देऊन मी रोज सराव करत होते. ती कंटाळायची, तिला गूळ द्यावा लागायचा. लग्नाच्या दिवशी मी असा काही हल्ला केला की हे दचकून मागे सरकले आणि अख्खा विडा माझ्या तोंडात आला. माझ्याकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. यांच्या आत्यानं डोक्याला हात लावला. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघितलं, तो फोटो अजून आहे. त्यात मी नवरी कमी आणि तालुक्याला कुस्ती मारून आलेली जास्त दिसते. राज्याचं म्हणाल तर ते दुसऱ्या दिवशी पहाटे मिळालं. सासूबाईंनी ज्वारीच्या पिठाची परात माझ्यापुढे सरकवली आणि घरात खाणारी तोंडं किती ते सांगितलं.

एवढं होऊनही मला तो विडा परत जिंकायचा होता. वय काय, आपण काय करून राहिलो, असा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला. पण समोरच दात नाही तर तोडणार कशानं?

नांदेडच्या डॉक्टरनं यावर ब्रिज सुचवला. हिरडी भरली की पंधरवड्यात काम होईल, वैशाखाच्या आत दात तोंडात, फोटोत कुणाला कळणारसुद्धा नाही. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. सहज विचारलं, शेजारच्या दातांना काय करावं लागेल. तो म्हणाला, थोडं घासावं लागेल. थोडं म्हणजे किती, ते मी त्याला प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवायला लावलं. त्यानं वरच्या टोप्या काढल्या. आतले दोन दात शिसपेन्सिलीला टोक करावं तसे निमुळते झाले होते.

"आणि माझे हे दोघं काही बिघडलेत का?" मी विचारलं.

"नाही काकू, एकदम चांगले आहेत. म्हणून तर ब्रिज छान बसेल."

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. एक पोरगं गैरहजर आहे म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या पोरांना छडी मारावी, असा हा प्रकार. विचार करून सांगते म्हणाले आणि घरी आले.

घरी यांचं मत तयारच होतं. यांना दहा वर्षांपासून कवळी आहे, पूर्ण, वरची आणि खालची. यांच्या मते कवळीसारखी सोय नाही. दात दुखत नाही, किडत नाही, नको असला की काढून ठेवता येतो. "नाहक पैसे कशाला घालवायचे? माझ्या वाटीत तुझ्या एका दाताला जागा होईल," असं ते अगदी मनापासून म्हणाले. भाव बघितला तर बरोबरच होतं. पण मला डोक्यावर लावलेला चष्मा सापडत नाही, तो एवढासा दात मी कुठे कुठे शोधायचा? आणि त्यानं विडा कसला तुटतोय, विड्याबरोबर तोच बाहेर आला असता.

शेवटी लेक म्हणाली, निर्णय घेण्याआधी इकडे ये. मी एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला गेले. तिच्या ओळखीची एक दातांची डॉक्टर होती. तिच्या अब्बांचं गंजगोलाईजवळ कापडाचं दुकान; लेकीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथंच बांधला होता. तिनं माझं तोंड नीट बघितलं, फोटो काढला, शुगर विचारली, आणि मग खुर्ची सरळ करून म्हणाली, "काकू, घाई कशाची आहे तुम्हाला?"

"लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझं."

लेकीनं कपाळाला हात लावला. मग मीच तिला सगळं सांगितलं, विड्यासकट. ती इतकी हसली की तिला तोंडावरचा मास्क काढावा लागला. हसून झाल्यावर मात्र तिनं सरळ हिशोब मांडला. हाड चांगलं आहे, शुगर काबूत आहे, स्क्रू बसेल. पण तो हाडात मुरायला काही महिने लागतील आणि पक्का दात पावसाळ्यानंतरच येईल. लग्नासाठी ती काढता-घालता दात करून देईल, तो फक्त फोटोपुरता. त्यानं विडा ओढायचा नाही. ब्रिज लवकर होईल, तिलाही करता येईल, पण एकदा घासलेले दात परत येत नाहीत, आणि पुढे त्यातला एक गेला तर खर्च एकाऐवजी तिघांचा होईल.

मी विचारलं, स्क्रूवरचा दात किती वर्षं टिकतो. ती म्हणाली, नीट सांभाळला तर तुमच्याइतकाच.

"म्हणजे आमच्यात आधी कोण जाईल ते सांगता येत नाही."

"बिलकुल नाही," ती म्हणाली.

मला हे उत्तर आवडलं. लेक म्हणाली, पैसे ती देईल. मग लगेच तिला फोटो आठवले. फोटोग्राफर सांगून झाला होता, पत्रिकेवर सुद्धा आमचा दोघांचा हसरा फोटो टाकायचा होता. तिचं मन ब्रिजकडे कलत होतं हे मला दिसत होतं. "आई, पन्नास वर्षांतून एकदा येतो असा दिवस," ती म्हणाली.

मी त्या खुर्चीत बसून विचार केला, आणि तो फार वेळ लागणारा विचार नव्हता. विशीतल्या त्या बाईनं ब्रिज घेतला असता. दोन काय, चार दात घासून दिले असते विड्यासाठी. आधी तिनं सगळ्यांत स्वस्त काय आहे ते विचारलं असतं. तिनं स्वस्तातल्या चपला वर्षाला तीनदा घेतल्या आणि आपण काटकसरी आहोत असं आयुष्यभर मानलं. तिच्यावर हा निर्णय सोपवण्यात काही अर्थ नव्हता.

"माझ्या तोंडात शाबूत दात मोजकेच राहिलेत," मी लेकीला म्हणाले. "त्यातले दोन मी एका दुपारसाठी देणार नाही. स्क्रू बसवायचा, आणि पैसे माझ्या पेन्शनमधून."

"आणि विडा?"

"विड्याचं मी बघते."

वैशाखात हॉल भरला होता. फोटोपुरता दात लावून मी हार घातला, ओवाळून घेतलं, नातेवाइकांशी हसून बोलले. बोलताना 'स' प्रत्येक वेळी शिट्टी वाजवून जात होता, पण बँडच्या आवाजात कुणाच्या लक्षात आलं नाही. विड्याची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांसमोर तो दात काढला, रुमालात गुंडाळला आणि लेकीच्या हातात दिला. तिनं डोळे मिटून घेतले. फोटोग्राफर थांबला. मी त्याला म्हणाले, थांबू नको, काढ.

यांनी विडा दातात धरला. समोरून मला काहीच करता येणार नव्हतं, म्हणून मी मान वाकडी केली आणि खोबऱ्याचा काप बाजूनं, दाढेत धरला. आजही माझ्या दाढा सुपारीच्या लायकीच्या आहेत. मी नुसतं धरलं, अजून ओढायला सुरुवातही केली नव्हती, तेवढ्यात हे दाताआडून पुटपुटले, "ओढू नको गं. कवळी येईल."

गुरुजींचा माइक यांच्या हनुवटीपाशी होता. ते वाक्य हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. माणसं इतकी हसली की गुरुजींनाही बसावं लागलं. मी ओढलंच. यांनी कवळी वाचवली आणि विडा सोडला. अख्खा काप माझ्या तोंडात. यांच्या बाजूची वडीलधारी माणसं आता फारशी उरलेली नव्हती डोक्याला हात लावायला, म्हणून यांनी स्वतःच लावला.

स्क्रू मुरला. पाऊस सरल्यावर मी परत लातूरला गेले, पक्क्या दाताचं माप द्यायला. मापाचं झाल्यावर डॉक्टरनं रंगांची एक पट्टी काढली, तिच्यावर ओळीनं छोटे छोटे दात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. माझ्या दातांजवळ धरून एकेक लावून बघायला लागली. लेकीनं मागून वाकून सगळ्यांत पांढऱ्या दाताकडे बोट दाखवलं. एवढे पैसे घालतोच आहोत तर जरा उजळ घे, म्हणाली.

तो दात खरंच सुंदर होता. माझ्या बाकीच्या दातांमध्ये तो नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीसारखा चमकला असता आणि शेजारच्या दोघांना उगाच म्हातारं करून टाकलं असतं. ज्यांना घासू दिलं नाही त्यांना लाजवायचं कशाला? मी आरसा हातात घेतला, आपल्या दातांकडे नीट बघितलं. वर्षानुवर्षं चहा, हळद आणि सुपारी खाऊन त्यांना जुन्या ज्वारीच्या दाण्याचा रंग आला होता. पट्टीवर तसा एक होता, शेवटून तिसरा.

"हा द्या," मी म्हणाले.

"नक्की ना काकू?" डॉक्टरनं विचारलं. "नंतर बदलता येणार नाही."

"लई विचार करून सांगून राहिले," मी म्हणाले आणि तोंड उघडलं.