मुरुमांचं मलम

नणंदेच्या फाटलेल्या फुप्फुसावर इलाज म्हणून मी तिच्या छातीला मुरुमांचं मलम चोळलं होतं... हसा खुशाल. पन्नाशी गाठली होती मी, अक्कल तेवढी मागं राहिली होती. कुसुमवन्सं जाऊन महिना होत आला, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगून राहिले.

भूकंपानंतर वन्सं लातूरहून पडलेल्या गावांतले ढिगारे उपसायला गेल्या होत्या. दगडामातीच्या घरांची धूळ कितीतरी दिवस नाकातोंडात गेली. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले आणि वन्सं भरल्या हॉलमध्ये जीवशास्त्र शिकवू लागल्या. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगं दचकावं. मग एका दमात वाक्य पुरं होईना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती फाटल्यात, त्या पुन्हा बांधल्या जात नाहीत. वन्संना मरणाची नाही, शिकवणं सुटण्याची धास्ती होती.

इकडं नांदेडला मी पेपरच्या पुरवणीत वाचलं, की अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लानं उंदरांचे मोडके वायुकोश पुन्हा उगवले. पुढच्याच आठवड्यात लातूरला गेले, तर वन्संकडं राहणाऱ्या क्लासच्या पोरींच्या खिडकीत एक ट्यूब. तिच्यावर तेच नाव! दुसऱ्या दिवसापासून, ‘गावठी मलम हाय’ म्हणत, बाम चोळावा तसं मी ते वन्संच्या छातीला चोळू लागले. त्या डोळे मिटून पडायच्या.

“मावशी, माझं पिंपल्सचं मलम कुठं गेलं?” एक पोरगी आरडाओरडा करत आली, तोवर वन्संची छाती लालबुंद होऊन साल निघू लागली होती.

क्लास सुटलाच. ते औषध माणसांना देऊन पाहिलं तर गुण आला नाही, हेही पुढं पेपरातच वाचलं. शेवटची वर्षं वन्सं नाकाला प्राणवायूची नळी लावून खुर्चीत बसायच्या. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते... मळतच राहिले.

ती पिळवटलेली ट्यूब अजून त्यांच्या खिडकीत आहे. चोरी पकडली गेली त्या दिवशी, जळत्या छातीवर खोबरेल लावून घेताना, दम घेत घेत त्या म्हणाल्या होत्या :

“वैनी, पुरवणी मीबी वाचली होती. ट्यूब पहिल्याच दिवशी ओळखली... पण म्हणलं, चोळू द्यावं. उंदराला लागू पडलं... मला का पडू नये?”