रविवारची हजेरी

आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला, म्हणून वस्तीतली माणसं म्हणाली, आबाजींवर तूच लिही. पण तो अधिकार मला आहे का, हे माझं मलाच पटत नाही. का पटत नाही, ते पुढे येईलच. माझे आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबाजी म्हणायची, त्यांना जाऊन पाच आठवडे झाले. रविवारी सकाळी साडेआठ वाजले की मला एका जागी बसवत नाही. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या आमच्या खोलीतून निघतो, औद्योगिक वसाहतीच्या बंद फाटकांपर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो... आई विचारते, "काय शोधून राह्यला रे?" मी तोवर पुन्हा निघालेला असतो.

दारव्ह्याच्या अलीकडे आमचं गाव. आबाजींनी आयुष्यभर जिनिंगमध्ये हमाली केली. कापसाची गाठ उचलून उचलून त्यांचा डावा खांदा खाली गेला होता, पण विहारात वंदनेला बसले की पाठ ताठ. वस्तीच्या पंच कमिटीचे ते किती वर्षं अध्यक्ष होते, हे कुणालाच नीट आठवत नाही. निवडणूक अशी कधी झालीच नाही. भांडण झालं की माणसं त्यांच्याकडे जायची, एवढंच. ते भाषण करत नसत. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "जेवले का तुमी?" निम्मी भांडणं तिथंच मोडायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडं हिरवी दिसायची आणि आतून किडलेली निघायची. जिनिंगची यंत्रं हंगामातसुद्धा गप्प राहू लागली. माणसं बोलेनाशी झाली. आमच्या वस्तीतले तुळशीरामकाका त्यातल्याच एका वर्षी गेले. कसे, ते मी लिहीत नाही. त्यांची बायको विमलकाकी तेव्हा बाळंतीण मुलीकडे उमरखेडला होती. काका दोन रविवार विहारात आले नाहीत. सगळ्यांना वाटलं, तेही उमरखेडला गेले असतील. कुणी जाऊन पाहिलं नाही. आबाजींनीही नाही.

त्यानंतरच्या रविवारी वंदना संपल्यावर आबाजी उठले आणि म्हणाले, "आजपासून हजेरी. जिनात मुकादम हजेरी घ्यायचा, ते कामासाठी. इथं मानसासाठी घेऊ." बोरिंगजवळच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत ते नावं घेत गेले. कागद नाही, काही नाही, सगळं तोंडपाठ. घरातल्या एकाने तरी "हाजर हाय" म्हणायचं. उत्तर आलं नाही, तर तिथूनच उठून दोन माणसांनी त्या घरी जायचं, असा नियम. पहिल्या दिवशी तुळशीरामकाकांच्या घराची पाळी आली तेव्हा सगळे खाली बघू लागले. आबाजींनी नाव घेतलं, "विमल." वस्तीत तोवर काकींना त्यांच्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. काकींनी पदर नीट केला आणि इतक्या हळू "हाजर" म्हटलं, की मागच्यांना ऐकूच आलं नाही.

सुरुवातीला चेष्टा झाली. गावातले लोक रस्त्यावरून विचारायचे, "काय आबाजी, शाळा भरली का गा?" आबाजी म्हणायचे, "भरली ना. तू बी येनं, पहिलीत जागा हाय." आमचे देवरावकाका तर मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचे, "अर्धाच हाजर हाय, आबाजी. अर्धा अजून बाजीवर झोपून हाय." "मंग जाय, त्याले बी घेऊन ये." सगळे हसायचे. त्या वर्षांत आमच्या वस्तीत हसण्याची तेवढी एकच जागा होती, असं आता वाटतं.

वडिलांना लोहाऱ्याच्या कारखान्यात काम मिळालं, मला यवतमाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आम्ही गाव सोडलं. आजी आधीच गेलेली. आबाजी एकटे राहिले. "मी आलो, तर हजेरी कोन घीन?" म्हणाले. पण त्यांनी माझं नाव सोडलं नाही. रविवारी माझी पाळी आली की ते मोबाईल लावायचे आणि विहाराच्या माईकसमोर धरायचे. मी इकडून "हाजर हाय" म्हटलं की ते भोंग्यातून सगळ्या वस्तीला ऐकू जायचं. पहिल्या वर्षी मला त्याचं कौतुक होतं. दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी वर्गातल्या मुलांसोबत चहाच्या टपरीवर होतो, तेव्हा फोन आला. मी वळून, हळू आवाजात म्हटलं, तरी त्या मुलांनी ऐकलं. सोमवारी सरांनी माझा नंबर पुकारला आणि मागचा सगळा बाक ओरडला, "हाजर हाय!" सरही हसले.

पुढच्या रविवारी मी फोन बंद करून ठेवला.

दुपारी एकच्या सुमारास दार वाजलं. आबाजी आणि विमलकाकी. नियमाप्रमाणे दोन माणसं. मिळेल त्या जीपने, उन्हातून आलेली. आबाजींचा श्वास लागला होता. मला बघून ते चौकटीला हात टेकून म्हणाले, "हायस ना बापू... बस." आणि मी काय केलं? मी म्हटलं, "मी काय मरून राह्यलो का? माझं नाव काढा त्या हजेरीतून."

आई ओरडली. आबाजींनी हाताने तिला थांबवलं. पाणी प्यायले. "काढतो," म्हणाले. जेवले नाहीत, आल्या पावली परत निघाले. ज्यांच्या घरी वेळेवर कुणी गेलं नव्हतं, त्या विमलकाकी दारातून माझ्याकडे वळून बघत होत्या. ती नजर मी तेव्हा चुकवली.

त्यानंतर फोन आला नाही. एक रविवार, दोन, पाच... मला सुटका वाटायला हवी होती. पण साडेआठ ते नऊ मी फोन हातात घेऊन बसू लागलो. माफी मागायची होती, पण शब्द जुळत नव्हते. शेवटी वाटलं, माफी कशाला, आपणच फोन लावून म्हणावं, "हाजर हाय." ते समजतील. परीक्षा संपल्यावरच्या रविवारी बरोबर पावणेनऊला मी फोन लावला. घंटी पूर्ण वाजली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. वाटलं, रागावले आहेत. हजेरीत आहेत आणि मुद्दाम उचलत नाहीत. खरं सांगतो, मलाही राग आला. फोन खाटेवर टाकला आणि पोहे खायला बसलो.

थोड्या वेळाने फोन वाजला. त्यांचाच नंबर. मी उचलला आणि काही ऐकायच्या आधीच म्हणालो, "हाजर हाय, आबाजी."

पलीकडे विमलकाकी होत्या.

"बापू, मी पानी प्याले घरी आली, तर बाजूले तुया फोन वाजून राह्यला होता. कोनी उचले ना, म्हनून आत गेली... पांढरा सदरा घालून निंघाले होते रे, मधल्या उंबऱ्यातच पडले. अंग अजून गरम हाय, पन आबाजी नाही राह्यले. आमी सारे तिकडं वाट पाहत बसून होतो... वाटलं, कोनाच्या घरी गेले असतीन. सगळ्यायचं नाव तेच घेत. त्यायचं नाव पुकाराले कोनीच नोतं रे बापू."