हिरव्या गाडीचा तळ

गाडी बघायला आलेल्या माणसाला बनसोडे काका आधी जमिनीवर झोपवायचे. खाली पुठ्ठा अंथरायचा, हातात बॅटरी द्यायची आणि म्हणायचे, "वरून सगळ्याच सुंदर दिसतात. खालून बघा." मग टाय लावलेला एखादा वकील निमूट कॅडिलॅकखाली सरपटायचा. काका शेजारी उकिडवे बसून बोटाने दाखवायचे : हा पत्रा मूळचा, हा मी जोडलेला, इथे पुट्टी आहे, इथे नाही.

हॅम्बर्गच्या बंदराजवळच्या एका गोदामात हा जुन्या अमेरिकन गाड्यांचा हॉल होता. दोन हजार सालानंतर डॉलर घसरत गेला, तशा या गाड्या कंटेनर भरभरून यायला लागल्या. होडीएवढ्या लांब, क्रोमने चकाकणाऱ्या. जर्मन शौकीन त्यांच्यावर जीव टाकायचे. मी तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होते आणि आठवड्यातून दोन दिवस हॉलमध्ये विक्रीचे कागद लिहायचे : गाडीचं वर्ष, इंजिन, रंग, तळाची अवस्था. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारता सांगते, तेव्हाही सांगायचे. काकांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं.

"छान," ते म्हणाले. "मी सातवी नापास. पण माझ्या वेल्डिंगला अजून कुणी नापास केलेलं नाही. गेनाऊ."

'अगदी बरोबर' या अर्थाचा हा जर्मन शब्द ते प्रत्येक वाक्याला ठोकून बसवायचे. माझगावच्या गोदीत पत्रा ठोकायला शिकलेला हा माणूस जहाजावर कामाला लागला, हॅम्बर्गला उतरला, इंगे काकूंशी लग्न करून इथलाच झाला. गाडीला काय झालंय ते ते टिचकी मारून, आवाजावरून सांगायचे. "पत्रा खोटं बोलत नाही, रंग बोलतो," हे त्यांचं नेहमीचं. इंगे काकू म्हणायच्या, "याला खोटं बोलता येत नाही असं नाही गं, तेवढा वेळच नसतो."

एका हिवाळ्यात ओहायोहून एक फिकट हिरवी, उघड्या टपाची गाडी आली. वरून नवरीसारखी, तळ मात्र गंजाने खाल्लेला. काकांनी सहा आठवडे तिच्याखाली झोपून तळाचा निम्मा पत्रा नवा घातला. मग मालक ल्युडर्सने मला कागदावर घालायला सांगितलं : 'तळ मूळचा, कधीही न जोडलेला.' अशा तळाची गाडी म्हणजे शौकिनांना पर्वणी. शिवाय म्हणाला, "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. बनसोडेला तुमच्या भाषेत सांग, मागच्या शटरच्या आतच थांब. लोकांना गाडी बघायची असते, कामगार नाही."

मी ओळ टाइप केली. निरोपही दिला.

काकांनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला. "हे कुणी लिहिलं?"

"ल्युडर्सने सांगितलं."

"सांगितलं त्याने. लिहिलं कुणी?"

"मी."

"सहा आठवडे पाठ मोडली माझी, आणि तू एका ओळीत मला पुसलंस. कॉलेजात हेच शिकवतात?"

मला झोंबलं. म्हटलं, "काका, मला हे काम हवंय."

"मलाही हवंय, पोरी. छप्पन्न वर्षांच्या काळ्या माणसाला दुसरं कोण देणार आहे?" त्यांनी कागद परत दिला. "माझ्या बापाला गावात लोकांच्या अंगणाबाहेर उभं राहून बोलावं लागायचं. ते नको म्हणून तो बायकापोरांना घेऊन मुंबईला आला. आणि मी इथे येऊन शटरमागे लपू? ल्युडर्सला सांग, बनसोडे पुढे बसणार आहे."

शनिवारी काका दाढी करून, धुतलेली डांगरी घालून आले आणि हिरव्या गाडीशेजारी स्टूल टाकून बसले. ब्रेमेनहून एक निवृत्त न्यायाधीश बायकोबरोबर आले होते.

"बनसोडे, मागे," ल्युडर्स दबक्या आवाजात म्हणाला.

"इथे बरा आहे," काका म्हणाले आणि त्यांनी पुठ्ठा अंथरला.

न्यायाधीश गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. "हा पत्रा कुणी जोडलाय?"

"मी."

"पण कागदावर तर मूळचा लिहिलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ल्युडर्सही. मी पुढे झाले. "ते मी खोटं लिहिलंय," म्हटलं. "तळ यांनी जोडलाय." पेन काढून ती ओळ खोडली आणि खरी ओळ लिहिली.

न्यायाधीशांनी काकांचा हात हातात घेतला. "काम अप्रतिम आहे. पण मला न जोडलेलीच हवी होती." आणि ते बायकोला घेऊन निघून गेले.

ल्युडर्स ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "सोमवारी दोघंही येऊ नका."

काकांनी आपल्या हातोड्या फडक्यात बांधल्या. एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनवर मी विचारलं, "काका, भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण त्या शटरमागे जायची जास्त वाटत होती."

पुढचे पाच महिने त्यांना काम मिळालं नाही. त्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेले की इंगे काकू बटाट्याचं सूप वाढायच्या आणि काका कुणाकुणाला अर्ज केले ते चढ्या आवाजात सांगायचे. शेवटी बंदरातल्या फेरीबोटींच्या दुरुस्तीत लागले. आता काका नाहीत.

ते होते तेव्हाच मला दक्षिण जर्मनीत गेर्लिंगेनला नोकरी लागली, त्या संध्याकाळी पहिला फोन त्यांनाच केला. म्हटलं, "मुलाखतीत विचारलं, आधीचं काम का सुटलं? मी सगळं सांगितलं. खोटं लिहिलं होतं, तेसुद्धा."

"मग?"

"मग घेतलं त्यांनी."

"ते सोड. घेणार नाहीत हे आधी माहीत असतं, तरी सांगितलं असतंस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लवकर बोल, जेवण गार होतंय इथे."

"हो," मी म्हटलं, आणि घेणार नसले तरी सांगायचं, हे त्या क्षणी ठरवून टाकलं.