मुलगा सेटल आहे का?

पावसाळ्यात आमच्या शेतातल्या विहिरीचे पाणी चहाच्या रंगाचे होते. घागर भरून ओट्यावर ठेवावी, तुरटीचा खडा दोन-चारदा फिरवावा आणि मग तिच्याकडे लक्षच देऊ नये. आतले मातीचे कण आधी सैरभैर फिरतात, हळूहळू त्यांचा वेग ओसरतो, आणि कोणाच्याही नकळत ते एकमेकांना धरून तळाशी उतरतात. मग पाण्याला आपला मूळचा, थंड, किंचित मातकट वास परत येतो. अशा पाण्याला आपण म्हणतो, निवळले. इंग्रजी मात्र पाण्याकडे न पाहता गाळाकडे पाहते आणि म्हणते, सेटल झाला. एकाच घागरीकडे एक भाषा वरून पाहते आणि दुसरी तळातून, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

मी आयुष्यभर खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवले. हा शब्द आला की मी पोरांना ही घागर सांगत असे. गुळाच्या ढेपेवर माशी बसते तीही सेटल होते, जीप गेल्यावर रस्त्यावर धूळ बसते तीही, आणि भावाभावांचे भांडण मिटते तेही. एकदा वर्गातली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मले माईत हाय. सेटल म्हंजे पुन्याले नोकरी लागनं." वर्ग हसला नाही. साऱ्यांना तोच अर्थ ठाऊक होता.

आमच्या आईच्या पिढीत हा शब्द नव्हता. पोरगा नोकरीला लागला की ती म्हणायची, मार्गी लागला. या दोन शब्दांत केवढे अंतर आहे पाहा. मार्गी लागलेला माणूस चालू लागलेला असतो, अजून त्याला पुष्कळ चालायचे असते. सेटल झालेला माणूस बसलेला असतो. आपण आपल्या मुलांना मार्गी लावण्याऐवजी तळाशी बसवू कधी लागलो, ते मला नेमके सांगता येणार नाही. पण माझ्या भाच्याची सोयरीक पाहताना या शब्दाचा जो धाक मी पाहिला, तो विसरता येत नाही.

सुमेध माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, एकुलता मुलगा. दादा एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे. शेलूबाजारपासून जीपने थोडे आत गेले की फाट्याजवळ, घराला लागूनच, आमचे चार एकर वावर आहे. आमच्या वडिलांनी, आबांनी, उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात राबून ते घेतले. धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या वस्तीत स्वतःचे वावर असलेली घरे त्या वेळी थोडीच होती. आबांनी दादाला शिकवले, मला शिकवले आणि आम्ही दोघेही नोकरीला लागलो. सुमेध मात्र बी.ए. होऊन वावरात उतरला. त्याने संत्र्याची बाग धरली, सोयाबीन-तुरीत जीव घातला. त्याचे बरे चालले होते. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा आणि संत्र्याच्या पानांचा एक हिरवट वास असे.

लग्नाचे वय झाले आणि स्थळे पाहणे सुरू झाले. प्रत्येक घरी पोहे यायचे, पाणी यायचे, आणि मग मुलीकडचे कोणीतरी घसा साफ करून विचारायचे, "मुलगा सेटल आहे का?" वावर आहे म्हटले की समोरच्यांच्या चेहऱ्यावर एक सौजन्य येई. ते सौजन्य नकारापेक्षा वाईट. पुढे त्यांचा फोन येत नसे. मुलीच्या बापांना मी दोष देत नाही. पावसाचा भरवसा नाही, बाजारभावाचा नाही. ज्यांनी मातीत आयुष्य काढले तेच मुलीला मातीपासून दूर पाठवू पाहतात, यात प्रेमच असते.

अखेर एका नातेवाइकाने दादाला युक्ती सांगितली. पोराला पुण्याकडच्या एखाद्या कारखान्यात चिकटवा, लग्न होऊ द्या, पुढचे पुढे पाहता येईल. दादाला ते पटले. सुमेधला पटले नव्हते, पण आईचे, म्हणजे माझ्या वहिनीचे, उतरलेले तोंड त्याला पाहवेना. पोळ्यानंतर तो गेला. बाग गड्याच्या हाती दिली. तिकडे कंत्राटी कामगार म्हणून लागला आणि चार पोरांबरोबर एका खोलीत राहू लागला.

मला तो अधूनमधून फोन करी. एकदा मी विचारले, "जमून राह्यलं का रे तिथं?"

"जमते आत्या. काम काही जड नाही. पन संध्याकाळी बाहेर आलं की कळत नाही, आज वारा कोन्या बाजूनं हाय."

 वारा कोणत्या बाजूचा आहे हे ज्याला रोज ठाऊक असायचे, त्याला ते न कळणे म्हणजे काय, हे सांगायला माझ्या इंग्रजीत शब्द नव्हता आणि मराठीतही नव्हता.

दिवाळीला तो आला तेव्हा धनजकडचे एक स्थळ चालून आले होते. मुलगी प्रज्ञा, कारंज्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. वडील लहानपणीच गेलेले. आई आणि ती, दोघीच. बोलणी मामा करीत होते. दादा, सुमेध आणि मी गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी झेंडूची फुले, सारवलेले अंगण. मामांनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

"पोरगा सेटल हाय ना?"

"व्हय तं," दादा म्हणाला. "पर्मनंटच होऊन राह्यला आता."

सुमेधने खाली पाहिले. कंत्राटी कामगाराला कोणी पर्मनंट करीत नसते हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मग समोर बसलेल्या प्रज्ञाकडे पाहून तो म्हणाला, "मले यायच्यासंग दोन शब्द बोलायचे होते."

मामांनी परवानगी दिली. दोघे ओसरीवर बसले आणि रीतीप्रमाणे मी थोड्या अंतरावर. मला सगळे ऐकू येत होते.

"मी पर्मनंट नाही," सुमेध म्हणाला. "होनारबी नाही. लग्नानंतर मी वावरात परत येनार हाय. हे लपवून तुमाले आनलं तं तुमी जलमभर मले काय म्हनसान?"

 प्रज्ञा साडीच्या काठाशी चाळा करीत नव्हती, लाजतही नव्हती. दवाखान्यात एखाद्याचे दुखणे ऐकून घ्यावे तशी ऐकत होती. मग तिने एवढेच विचारले, "वावर फाट्यापासून किती लांब पडते?"

"जवळच हाय. पायी जाता येते."

"मले विचार करू द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

चार दिवसांनी मामांचा नकार आला. ते फोनवर दादाला म्हणाले की पोरीनं मले सारं सांगतलं, तुमी आमाले फसवून राह्यले होते. दादाने फोन ठेवला तो सुमेधशी बोलणेच टाकून. सुमेध कारखाना सोडून कायमचा परतला तेव्हाही तो बोलला नाही. एकाच घरात बापलेक वहिनीमार्फत बोलू लागले. वहिनीने मला बोलावून घेतले.

मी दादाला विचारले, "खरं बोलला तं एवढा राग कायले धरतं?"

त्याने आपल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "तुले आठवते का, आबाच्या पायाच्या भेगा? त्यायनं लोकायच्या वावरात जिंदगी घातली. मी एसटीत लागलो त्या दिवशी त्यायनं माह्या बॅगेचा पट्टा हातात धरून पाह्यला होता. मले वाटलं, आता आपल्या घरातून चिखल गेला. अन् हा पोरगा पाय घेऊन पुन्हा चिखलातच चालला."

मला वाटत होते की दादाला लोक काय म्हणतील याची भीती आहे. भीती नव्हतीच. ती आबांवरची माया होती, आणि तीच माया सुमेधला वावराकडे ओढत होती. मी तसे सुमेधजवळ बोलले, तेव्हा तो म्हणाला, "आत्या, आबानं दुसऱ्याच्या वावरात जिंदगी काढली म्हनूनच तं हे घेतलं ना. मंग हे सोडून मी दुसऱ्याच्या कारखान्यात कायले जाऊ?" दोघेही एकाच माणसाचा मान राखत होते आणि त्याच्याचपायी एकमेकांशी बोलत नव्हते. हे भांडण कोणी कोणत्या शब्दाने मिटवावे?

फाल्गुनात बागेत तोडणी चालू होती. मी त्या दिवशी तिथेच होते. दुपारी फाट्याकडून दोन बायका चालत येताना दिसल्या. जवळ आल्यावर ओळखले, प्रज्ञा आणि तिची आई. सुमेध झाडाखाली क्रेट भरत होता, तो तसाच उभा राहिला. दादा बाजेवर बसला होता. त्याने उपरणे सावरले.

वहिनीने पाणी दिले. पाणी पिऊन प्रज्ञा दादासमोर बसली.

"काका, नकार मामानं देल्ला. मले कोनी विचारलंच नाही. तुमी खोटं बोलले याचा मले राग आला होता. अजूनही थोडा हाय. पन यायनं मले खरं सांगतलं, ते माह्या मनातून गेलं नाही."

दादा जमिनीकडे पाहत होता.

"माही नोकरी मी सोडनार नाही," ती पुढे म्हणाली. "अन् माही आई एकटी हाय. पुन्याले गेली असती तं तिच्याकडं कोनी पाह्यलं असतं? इथून मले येता-जाता येईन. तिले कवा वाटलं तं ती इथं येऊन राहीन. हे तुमाले चालत असन तं मी मामाले सांगतो. ते चिडतीन, पन ऐकतीन."

तिची आई इतका वेळ बागेकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "पोरगी लई हट्टी हाय हो. बाप नाही म्हनून मीच लाडावली."

 सुमेधच्या हातात एक संत्रे होते, ते कोणाला द्यावे हे त्याला सुचत नव्हते. दादा उठला. मला वाटले आत जातो. पण तो सुमेधजवळ गेला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला, "उभा काय राह्यला? पाव्हन्यायले फळं दे ना चांगली निवडून."

वैशाखात लग्न झाले. पांढऱ्या कपड्यांत दोघांनी वंदना म्हटली, त्रिशरण-पंचशील घेतले. मामा आले, थोडे रुसलेले, पण जेवले पोटभर. दादाचे मन वावराच्या बाबतीत बदलले असे मात्र मी म्हणणार नाही. मुलाने नोकरीच करायला हवी होती हे तो अजूनही बोलून दाखवतो, आणि सुमेधही ऐकून घेऊन बागेत निघून जातो. काही गोष्टी माणसांच्या तळाशी बसत नाहीत. त्या तशाच तरंगत राहतात, आणि त्यांच्यासकट घरे चालतात, हेही मला आता कळू लागले आहे.

गेल्या आठवड्यात मी तिकडे मुक्कामाला होते. सकाळी दादाने आपली जुनी स्कूटर काढली. प्रज्ञा डबा घेऊन मागे बसली. मलाही शेलूबाजारला जायचे होते, म्हणून मी फाट्यापर्यंत पायी गेले. कारंज्याची जीप उभी होती, गच्च भरलेली. दादा दाराशी गेला, आत वाकला आणि कंडक्टरच्या त्या जुन्या, ठाम आवाजात म्हणाला, "जरा सरका भाऊ पलीकडं. बाईची दवाखान्यात ड्यूटी हाय." माणसे सरकली. प्रज्ञा आत शिरली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पण दादाने दारावरचा हात काढला नाही.

"बसली का नीट?" त्याने विचारले.

"बसली, बाबा."

मग त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि गाडी हलली.