सासऱ्यांना आवडलेली तार

हसा, पण आधी कप खाली ठेवा. टी-शर्ट नवा आहे माझा, चहा उडाला तर तुमचं काही खरं नाही!

तर मी अंधेरीच्या एका स्टुडिओत व्हीएफएक्स करतो. सुपरहिरो हवेत उडतो ना, तो शूटिंगच्या वेळी तारांना लटकलेला असतो. त्या तारा एकेक फ्रेम धरून कॉम्प्युटरवर पुसायच्या, हे माझं काम. म्हणजे काम झकास झालं तर कुणाला दिसतच नाही! आता हे मुलीच्या बापाला सांगायचं कसं?

प्राजक्ताचे बाबा, सावंतकाका, मूळचे कुडाळचे, राहायला घाटकोपरला. सगळा जन्म वीज कंपनीत वायरमन.

"बाबांना वाटतं तू कार्टून काढतोस," प्राजक्ता म्हणाली. "पिक्चर दाखव त्यांना. तुझं काम पटलं तरच ते लग्नाला हो म्हणतील. कळलं ना?"

कळलं! पहिल्याच दिवशीची तिकिटं काढली. मी मध्ये, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ही. हिरो उडाला.

"काका, बघा! हे माझं काम!"

"ह्येका तू उडवलंस?"

"उडवला नाही. तारा पुसल्या."

"खंय तारा?"

"पुसल्या ना, म्हणून दिसत नाहीत."

"मग तू काय केलंस, ता खंय दिसता?"

"दिसत नाही तेच केलं, काका!"

मीटरमध्ये गडबड करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पॉपकॉर्न पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. वाट लागली होती यार!

आणि क्लायमॅक्सला हिरोनं गच्चीवरून झेप घेतली. बघतो तर काय! त्याच्या पाठीतून सरळ वर, चकचकीत, शेवटच्या रांगेतल्या आजीलाही दिसेल अशी तार! घाईत मी जुनीच फाइल पाठवली होती. तार पुसलेली फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आरामात बसलेली!

"अरे देवा, माझी तार!" मी ओरडलोच.

काका ताठ बसले. "तुझी? ही तार तू बनवलीस?"

मी खरं सांगायला तोंड उघडणार, तोच प्राजक्तानं असा चिमटा काढला की तोंडातून "हो!" एवढंच निघालं.

"ह्येका म्हणतत काम!" काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जन्म गेलो माझो तारांत. ताण बघ, चमक बघ! अगदी खरी वाटता!"

त्याच संध्याकाळी घाटकोपरला पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सुपरवायझरनं सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली, ते मी घरी बोललो नाही. मांडवात तर काकांनी लायटिंगवाल्याला माझ्यासमोर आणून उभं केलं, "जावई सिनेमात तारा बनवतो, शीक जरा!"

परवा नवा पिक्चर लागला. या वेळी जिवाचं रान केलं, एकही तार सुटू दिली नाही. सुपरवायझर खूश! मी छाती फुगवून सासऱ्यांना घेऊन गेलो. पिक्चरभर ते पडद्यावर काहीतरी शोधत होते. बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले,

"नोकरी गेली काय रे तुझी? एक पण तार दिसली नाय! प्राजूक सांगू नको हां. वीज कंपनीत अजून माझी ओळख आसा."